गिलाव्याला हात लावण्याआधी पाण्याची वाट शोधा

नवरात्र उलटलं की जुन्या घरांतून रंगाऱ्याला फोन जातो. पावसाळाभर फुगलेला, पोपडे धरलेला भिंतीचा तुकडा दिवाळीपूर्वी नीट करायचा असतो. रंगारी येतो, पत्र्याने खरवडतो, पुट्टीचे दोन हात मारतो, वर प्लास्टिक पेंट चढवतो. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी भिंत झकास दिसते. पुढच्या श्रावणात त्याच जागी पुन्हा पोपडे येतात, बहुधा वीतभर जास्त रुंद. मग 'मटेरियल हलकं होतं' म्हणून बिचाऱ्या रंगाऱ्याला बोल लावला जातो.

ऑक्टोबरात भिंत वर्षातली सगळ्यात ओली असते. चार महिने प्यायलेलं पाणी दारं-खिडक्या उघडी ठेवून पंधरा दिवसांत जात नाही. बांधकामातला एक ढोबळ हिशेब असा, की ओलीची वाट बंद झाल्यानंतर भिंतीच्या दर इंच जाडीला सुकायला एक महिना लागतो. वाड्याची दीड-दोन फुटी भिंत दोन्ही अंगांनी सुकली, तरी तिला नऊ महिने ते वर्ष हवं. तेव्हा यंदाच्या दिवाळीला त्या भिंतीवर नुसता चुन्याचा हात मारा आणि दुरुस्ती पुढच्या हिवाळ्यावर टाका. मधलं वर्ष निदानाला लागणारच आहे.

भिंत कशाची आहे?

भारतात सिमेंटचं व्यापारी उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं, आणि तालुक्याच्या गावांत सिमेंटची पोती सर्रास मिळायला त्यानंतर काही दशकं जावी लागली. म्हणून घर स्वातंत्र्याआधीचं असेल, तर मूळ भिंत चुन्याची किंवा मातीची असण्याचीच शक्यता जास्त. तिच्यावर सिमेंट दिसत असेल, तर ते बहुतेक नंतर कुणीतरी चढवलेलं. देशावरच्या वाड्यात खाली दगडी जोतं आणि वर लाकडी खांब-तुळयांच्या चौकटीत चुन्यात बांधलेल्या विटा किंवा पांढऱ्या मातीचे भेंडे असतात. कोकणात जांभ्याचे चिरे, मध्ये मातीचा नाहीतर चुन्याचा सांधा. मुंबईच्या जुन्या चाळींत लाकडी सांगाडा आणि विटांची भर. शिवाय घर दोन-तीन पिढ्यांनी वाढवलेलं असतं, त्यामुळे माजघराची भिंत मातीची, पुढची ओटी चुन्याची आणि मागची न्हाणी सिमेंटची, असंही सापडतं. प्रत्येक खोली वेगळी तपासा.

तपासणी घरच्या घरी होते. कपाटामागच्या कोपऱ्यातून सुपारीएवढा तुकडा काढा आणि पाण्याच्या पेल्यात टाका. तासाभरात तो विरघळून तळाशी गाळ बसला, तर गिलावा मातीचा. तुकडा शाबूत राहिला, पण नखाने खरवडल्यावर पांढरी भुकटी निघाली, तर चुन्याचा. रंगाने करडा आणि खिळ्यालाही दाद न देणारा असला, तर सिमेंटचा. व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर चुना फसफसतो हे खरं, पण जुनं सिमेंटही थोडं फसफसतं. नुसत्या त्या परीक्षेवर विसंबू नका. तुकडा फोडून आतही पाहा. तांबूस भुकटी दिसली तर ती सुरखी, म्हणजे भाजक्या विटांचा चुरा. बारीक धागे दिसले तर ताग, काथ्या किंवा जनावराचे केस. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचा शोधनिबंध २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा वर्तमानपत्रांना त्याची मोठी गंमत वाटली. जुन्या गवंड्याला वाटली नसती. गिलाव्याला भेगा पडू नयेत म्हणून त्यात तंतू घालायचा. मग तो कुठल्याही झाडाचा असो.

ओलीचा माग

ओल खालून चढते, वरून उतरते, बाहेरून आडवी शिरते किंवा घरातल्या हवेतून बसते. चारही तऱ्हांच्या खुणा निराळ्या असतात, आणि त्या वाचायला वर्ष हाताशी आहे. ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. ऐन पावसात एकदा, दिवाळीत एकदा, संक्रांतीला एकदा, वैशाखात एकदा. या चार रेघा पाहिल्यावर गवंड्याला जितकं कळतं, तितकं एका भेटीत कुणालाच कळत नाही.

खालून चढणारी ओल जमिनीलगत सुरू होते आणि साधारण गुडघा ते कंबर इतकी वर जाते. वरची कड वेडीवाकडी, आणि त्या कडेवर पांढरा लोणा फुललेला. ती उन्हाळ्यात थोडी उतरते, पण पुरती जात नाही. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. दगड-विटांतल्या बारीक छिद्रांतून पाणी आपोआप वर खेचलं जातं. पण मग हेच घर शंभर वर्षं बरं कसं होतं? हा प्रश्न स्वतःला विचाराच, कारण उत्तर बहुधा गेल्या दहा-वीस वर्षांत सापडतं. अंगणातली सारवलेली जमीन जाऊन पेव्हर ब्लॉक आले, त्यामुळे पूर्वी मोकळ्या मातीतून उडून जाणाऱ्या ओलीला आता भिंतीखेरीज वाट उरली नाही. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले. एके काळी तीन पायऱ्या चढून ओटीवर यावं लागायचं, आता एकच शिल्लक आहे, म्हणजे जोतं तेवढं गाडलं गेलं. शेजाऱ्यांनी भिंतीला लागून शोषखड्डा काढला. न्हाणीचं पाणी परसात केळीला जायचं, ते आता फुटक्या पाइपातून जोत्याखाली मुरतं. यातलं काहीतरी निघतंच. उपायही तिथेच करायचा: भिंतीलगतची जमीन घरातल्या फरशीपेक्षा वीतभर खाली उतरवा, भिंतीपासून दूर उतार द्या, फूटभर रुंदीची फरशी काढून तिथे खडी भरा. मात्र पायाला लागून खोल चर खणू नका. जुन्या घरांचे पाये उथळ असतात, त्यांच्या बगलेची माती काढणं धोक्याचं.

वरून उतरणारी ओल ओळखायला सोपी. जोराची सर आली की काही तासांत डाग गडद होतो. सरकलेलं कौल, पानांनी तुंबलेली पन्हळ, भिंत आणि छपराच्या सांध्यातली फट किंवा स्लॅबच्या कठड्याची चीर, यांतलं एक नक्की. मृगाआधी घर शाकारायची पद्धत जिथे सुटली, तिथल्या भिंतींनी तिची किंमत मोजलेली दिसते. पन्हळ ऐन पावसात भिजत उभं राहून पाहावी. कोरड्या दिवशी ती सगळ्यांचीच चांगली दिसते.

आडवी ओल आपल्याकडे नैर्ऋत्येच्या आणि पश्चिमेच्या भिंतींवर. कोकणात पावसाळ्याआधी या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधत. त्याला मागासलेपणा समजून अनेकांनी ते सोडलं आणि भिंतीला सिमेंट फासलं. झापाने झड भिंतीपर्यंत पोचतच नसे, आणि मागून वारा खेळत असल्यामुळे भिंत सुकतही असे; सिमेंटला यातलं दुसरं काम जमत नाही. खिडकीखालच्या डागासाठी खिडकीची बाहेरची पट्टी पाहा. तिला बाहेरच्या बाजूला उतार आणि खालून पाणी तुटायला खाच नसेल, तर पाणी भिंतीवरूनच ओघळणार.

डाग भर उन्हाळ्यातही तसाच असेल आणि मध्येच भिंतीवर पसरट उमटला असेल, तर नळावर संशय घ्या. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी पुन्हा पाहा. सांडपाण्याच्या नळीचा संशय असेल, तर न्हाणीत रंग घातलेलं पाणी सोडा आणि भिंतीच्या पलीकडे रंग उमटतो का ते पाहा.

हवेतली ओल स्वयंपाकघरात, बंद खोलीत, भिंतीला चिकटवलेल्या कपाटामागे बसते. तिथे लोणा नसतो, बुरशीचे काळे ठिपके असतात. खात्री करायला ॲल्युमिनियमच्या फॉइलचा हातभर तुकडा चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या मागे पाणी जमलं तर ओल भिंतीतली, पुढच्या बाजूला जमलं तर हवेतली. हवेतल्या ओलीसाठी गवंडी बोलावू नका. कपाट चार बोटं पुढे ओढा आणि खिडकी उघडा.

लोण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मातीतले, विटांतले, वाळूतले क्षार पाण्यात विरघळून भिंतीच्या पृष्ठभागाशी येतात. पाणी उडून जातं, क्षार तिथेच स्फटिक होऊन बसतात. हे स्फटिक गिलाव्याच्या छिद्रांत वाढताना त्याला आतून फोडतात. गिलावा पिठासारखा भुगा होऊन गळतो तो यामुळे. काही क्षार हवेतलं बाष्पही ओढून घेतात, त्यामुळे पाण्याची वाट बंद केल्यावरसुद्धा दमट दिवशी भिंत ओली दिसते. गोठ्याच्या भिंतींत हे फार, कारण जनावरांच्या मुतातून तयार होणारे नायट्रेट तिथे वर्षानुवर्षं मुरलेले असतात. आजच्या बैठकीच्या जागी पूर्वी गोठा होता का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. आणखी एक सावधगिरी. वॉटरप्रूफिंगचा माणूस दोन टोचण्यांचं मीटर भिंतीला लावून लाल दिवा दाखवतो. क्षार असलेल्या भिंतीवर तो दिवा ओल कमी असतानाही लागतो. मीटर खोटं नसतं, पण तेवढ्यावर लाखाचं कोटेशन मान्य करू नये.

भेगा आणि पोकळ आवाज

आता भिंत ठोकून पाहा, बोटाच्या पेराने किंवा हातोडीच्या लाकडी दांड्याने. धरलेला गिलावा ठणठणीत वाजतो, सुटलेला बद्द. बद्द वाजणाऱ्या जागेभोवती खडूने रेघ काढत गेलं की तासाभरात खोलीचा नकाशा तयार होतो. बहुतेकांना त्यात दिलासाच मिळतो, कारण सगळा गिलावा काढायचा म्हणून गवंड्याने सांगितलेलं असतं आणि प्रत्यक्षात सुटलेला भाग त्या मानाने बराच कमी निघतो.

केसाएवढ्या, जाळीदार भेगा बहुधा गिलाव्यापुरत्याच असतात. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग भिंतीची असते: पाया बसतोय किंवा वरची लाकडी पाटी कुजली आहे. छताखाली आडवी गेलेली भेग छपराच्या रेट्याची किंवा स्लॅबच्या तापण्या-निवण्याची. काळ्या जमिनीवरच्या घरांचा, म्हणजे विदर्भ, मराठवाडा, सोलापूर भागातल्या घरांचा, प्रकार वेगळाच. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भेग वैशाखात उघडते आणि भाद्रपदात मिटते. अशी भेग उन्हाळ्यात कडक मसाल्याने भरली, की पावसाळ्यात शेजारी दुसरी पडते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा आणि मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या दोन टिकल्यांवर काचेची पातळ पट्टी बसवा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे.

भेग ५ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखीच दिसत असेल, ओळंबा लावल्यावर भिंतीला पोट आलेलं दिसत असेल किंवा भिंतीत शिरणारं तुळईचं टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचल्यावर भुसभुशीत लागत असेल, तर गिलाव्याचा विषय बाजूला ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर गाठा. काँक्रीटच्या खांबावरचं प्लास्टर सळईच्या रेषेत उभं फाटलं असेल, तेही तसंच. आतली सळई गंजून फुगली आहे. मुंबई महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाने तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना अशी तपासणी सक्तीचीच आहे. इतरांनी सक्तीची वाट पाहू नये.

सिमेंटचा मोह

गवंडी सिमेंटच सुचवणार. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या हाताला तेच बसलं आहे, आणि सिमेंट उद्या घट्ट होतं, चुना पुढच्या महिन्यात. नव्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या घरात ते योग्यही आहे. पण मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा थर म्हणजे दुखणं आत कोंडणं. या भिंती ओल घेतात आणि सोडतात. त्यांचं आरोग्य त्या सोडण्यावर आहे. सिमेंटमधून बाष्प सहज जात नाही, म्हणून कमरेपर्यंत थांबणारी ओल सिमेंट फासल्यावर छातीपर्यंत चढते. क्षार सिमेंटच्या मागे साठतात, मऊ भेंडा किंवा वीट आतल्या आत भुसभुशीत होते, आणि काही वर्षांनी सिमेंटची अख्खी लादी विटेचा दर्शनी भाग घेऊन खाली येते. तुळईची टोकं याच कोंडलेल्या ओलीत कुजतात. प्लास्टिक पेंट, ॲक्रेलिक पुट्टी आणि आतून लावलेले वॉटरप्रूफ थर हीच गोष्ट कमी-अधिक प्रमाणात करतात.

नियम एकच: वरचा थर खालच्या भिंतीपेक्षा मऊ आणि मोकळा हवा. झिजायचं तर गिलाव्याने झिजावं, भिंतीने नाही. 'चुन्यात मूठभर सिमेंट टाकतो, लवकर धरेल' या सूचनेलाही नको म्हणा. थोडं सिमेंट चुन्याच्या सावकाश घट्ट होण्यात अडथळा आणतं आणि स्वतःची ताकदही पुरती देत नाही. हाती येतो तो दोघांपेक्षा कच्चा मसाला.

काढणं

काम दिवाळीनंतर काढा. डिसेंबर-जानेवारीचं सौम्य ऊन चुन्याला मानवतं. एप्रिलच्या झळांत तो सुकतो, पण धरत नाही.

खडूच्या रेघेतलाच गिलावा काढा. छिन्नी आणि छोटी हातोडी पुरते. ब्रेकर मशीन जुन्या भिंतीजवळ आणू नका. लोणा लागलेला भाग मात्र डागाच्या फूटभर वरपर्यंत काढावा, कारण क्षार दिसतात त्यापेक्षा वर पोचलेले असतात. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या पोटात जाता कामा नये. ओला करून खरवडा, मास्क लावा, मुलांना दुसऱ्या खोलीत नव्हे, दुसऱ्या घरी पाठवा.

भिंत उघडी पडली की सांधे अर्धा इंच खोल कोरून काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि ती भुकटी सुपलीत गोळा करून लांब टाका. पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत जातो. क्षार फार असतील, तर पांढरी शाडू आणि कागदाचा लगदा साध्या, गोड्या पाण्यात कालवून बोटभर जाडीचा लेप भिंतीवर द्या. लेप सुकताना भिंतीतले क्षार ओढून घेतो. सुकून सुटला की काढून टाका आणि दुसरा द्या. दोन-तीन लेपांनंतर फरक दिसतो. त्यानंतर जमलं तर भिंत काही महिने उघडीच ठेवा. पाहुण्यांना विटा दिसतील. दिसू द्या.

काढण्याच्या नियमाला एक अपवाद. वाईजवळ मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत हे अनेकांनी पाहिलेलं असतं. पण साध्या घरांतही चुन्याच्या हातांखाली जुनी वेलबुट्टी निघते. खरवडताना रंगाची रेघ दिसली, तर तिथेच थांबा आणि इंटॅकसारख्या संस्थेमार्फत जाणकार संवर्धक गाठा. सुटलेला गिलावा न काढता मागे पातळ चुना सुईने सोडून तो पुन्हा भिंतीला धरवता येतो. हे काम नाजूक आहे, घरच्या प्रयोगाचं नव्हे.

चुना

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो, तो पाण्यात विरवला की गिलाव्याचा चुना, आणि भिंतीवर लावल्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. सगळा सावकाशपणा या शेवटच्या टप्प्याचा.

कळी विरवताना पाणी उकळतं, शिंतोडे उडतात आणि डोळ्यात गेले तर दृष्टी जाऊ शकते. डोळ्यांना बंद गॉगल, हातात रबरी मोजे, जवळ स्वच्छ पाण्याची बादली. नेहमी पाण्यात थोडी थोडी कळी टाका; कळीच्या ढिगावर पाणी कधीच ओतू नका. प्लास्टिकची बादली वितळते, लोखंडी पिंप किंवा विटांचं टाकं घ्या. विरलेला चुना बारीक चाळणीतून गाळून पाण्याखाली निदान तीन-चार आठवडे ठेवा. न विरलेली एखादी कणी राहिली, तर ती पुढे भिंतीत फुगते आणि गिलाव्याला फोड येतो. मुरलेला चुना ताज्या लोण्यासारखा लागतो. एवढी उस्तवार नको असेल, तर पिशवीतली विरवलेल्या चुन्याची पावडर घ्या, पण ताजी आणि बंद पिशवीतली. दुकानात वर्षभर उघडी पडलेली पावडर हवेनेच निकामी झालेली असते. बांधकामाच्या चुन्यासाठी आयएस ७१२ हे भारतीय मानक आहे. पिशवीवर ते शोधा.

वाळू धारदार, जाड-बारीक मिसळ असलेली हवी. खाडीची किंवा समुद्राची अजिबात नको, नाहीतर लोणा विकत आणल्यासारखं होईल. काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी हलवून ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या ८ टक्क्यांहून जास्त दिसला तर वाळू धुऊन घ्या. चुना किती लागेल हेही वाळूच सांगते. एक भांडं कोरड्या वाळूने शिगोशीग भरा आणि वाळूच्या पातळीला येईपर्यंत मोजून पाणी ओता. पाणी साधारण भांड्याच्या एक तृतीयांश मावतं. वाळूच्या कणांमधली तेवढी पोकळी चुन्याने भरायची असते. म्हणूनच एकास तीन हे प्रमाण रूढ झालं. न्हाणीजवळच्या किंवा पावसाच्या तोंडच्या भिंतीला एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू घ्या. सुरखीमुळे चुना ओलसर जागीही घट्ट होतो. सुरखी कमी आचेवर भाजलेल्या मातीच्या विटांची किंवा कौलांची असावी. सिमेंटच्या ब्लॉकचा चुरा म्हणजे सुरखी नव्हे.

गूळ, हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर, उडदाचं पीठ यांच्याविषयी हल्ली खूप ऐकू येतं. ते जुने, अनुभवाचे घटक आहेत. गुळाने मसाला हाताला सुलभ होतो, हिरडा-बेल गावोगावी वापरले गेले. पण ते वाढीव आहेत. वाईट वाळू आणि न मुरलेला चुना यांना गूळ वाचवू शकत नाही. खरा फरक पडतो तो मळण्याने. गडांवर दगडी चाकाच्या चुन्याच्या घाण्या दिसतात, त्या याचसाठी होत्या: बैल फिरवून चुना-वाळू तासन् तास घोटत. आज मिक्सरमध्ये किंवा फावड्याने पाणी कमीत कमी ठेवून घोटा. मसाला कोरडा वाटला तरी पाणी घालण्याआधी आणखी मळा; बहुतेक वेळा तो तेवढ्यानेच सैल होतो. शेवटी त्यात बोटाच्या दोन पेरांएवढे कापलेले तागाचे किंवा काथ्याचे धागे विसकटून टाका.

भिंतीवर आधी दोन हात लांबी-रुंदीचा नमुना लावून पंधरा दिवस पाहा. भेगा पडल्या तर वाळू वाढवा, भुकटी निघाली तर चुना.

लावणं

भिंत आदल्या संध्याकाळी भिजवा आणि सकाळी पुन्हा शिंपडा. पृष्ठभाग ओलसर हवा, पाणी चकाकता कामा नये. खोल खड्डे आधी विटांचे तुकडे आणि मसाला घालून भरा. पहिला हात थापीने फेकून मारायचा, नुसता पसरायचा नाही. फेकलेला मसाला सांध्यांत शिरतो. एका वेळी १० ते १२ मिलिमीटर, त्याहून जाड नको. बोट दाबल्यावर खळगा पडेनासा झाला की खिळ्यांच्या फळीने तिरकस रेघा ओढा, म्हणजे दुसरा हात धरतो. सुकताना बारीक चिरा उमटल्या, तर घाबरू नका. थोडं पाणी शिंपडून गुरमाळ्याने पुन्हा घोटा. दोन हातांत निदान आठवडाभराचं अंतर ठेवा. त्या काळात ओलं गोणपाट भिंतीसमोर सोडून ठेवा. सिमेंटला मारतात तसा पाइपाने पाण्याचा फवारा मारला, तर चुना धुऊन जाईल. हवा त्याला लागतेच. शेवटी चाळलेल्या चुन्याचा आणि अगदी बारीक वाळूचा पातळ हात, आमच्याकडे ज्याला नीरू म्हणतात. जुन्या-नव्या गिलाव्याच्या सांध्यावर जुनी कड आतल्या बाजूला तिरकी कापून घेतली, की रेघ दिसत नाही.

मातीच्या भिंतीला मातीच. पांढरी किंवा तांबडी माती घ्या, काळी नको. माती चाळा, तीत गव्हाचा भुसा किंवा भाताचा पेंढा घाला आणि आठवडाभर भिजत ठेवून रोज तुडवा. वास येऊ लागला म्हणजे पेंढा मऊ झाला. मूठभर मातीचा गोळा करून उन्हात ठेवा. तडकला तर भुसा-वाळू वाढवा. वरचा हात शेण-मातीचा. वाळवीचा माग दिसला, तर तिची वाट लाकडापर्यंत शोधून बंद केल्याशिवाय सारवण करू नका.

१९५०-६० नंतरच्या विटा-सिमेंटच्या घरांना हे सोपस्कार लागत नाहीत. सुटलेलं प्लास्टर काढा, भिंतीला टाचे मारा, एकास पाच-सहा सिमेंट-वाळूचा १२ ते १५ मिलिमीटर थर द्या, वीट आणि काँक्रीटच्या सांध्यावर जाळी ठोका, आठवडाभर पाणी मारा. पाण्याची वाट आधी शोधण्याचं कलम त्यांनाही लागू आहे.

रंग म्हणजे चुन्याचीच सफेदी, दुधाच्या निवळीइतकी पातळ, चार-पाच हात, प्रत्येक हातामध्ये एक दिवस. डिंकाचं पाणी घातलं तर हाताला पांढरं लागत नाही. जाड एकच हात दिला तर पापुद्रे धरतो. पांढरा नकोसा वाटला तर गेरू, पिवळी काव, नीळ आहेतच. सुकल्यावर रंग पुष्कळ फिका होतो, हे धरून चाला. ज्यांना तयार रंगच हवा, त्यांनी सिलिकेट रंग मागावा. तो महाग असतो, पण भिंतीला श्वास घेऊ देतो.

समुद्राजवळच्या घरांनी आणि जुन्या गोठ्याच्या भिंतींनी एक गोष्ट आधीच मनाशी धरावी: खालचा दोन-तीन फुटांचा पट्टा काही वर्षांनी पुन्हा भुरभुरेल. क्षार संपेपर्यंत तो भुरभुरणारच, आणि तेवढा पट्टा काढून नवा लावणं हाच त्याचा उपचार. म्हणून त्या उंचीवर आडवी खाच ठेवून गिलावा दोन भागांत करा, म्हणजे पुढच्या वेळी वरचा भाग हलणार नाही. उरलेला चुना फेकू नका. झाकणाच्या पिंपात, वर चार बोटं पाणी ठेवून सावलीत ठेवा. दर महिन्याला पाणी तेवढं आहे ना, एवढं पाहा.